ओल्ड हॉस रॅडबर्नचा १८८४ चा हंगाम: पराक्रम, सौदा की पिळवणूक?

निळा डोंगर

एका हंगामात सर्वाधिक सामने जिंकणारा पिचर कोण, या प्रश्नाचे उत्तर बेसबॉलमध्ये १४० वर्षे बदललेले नाही. चार्ल्स रॅडबर्न, ज्याला सगळे 'ओल्ड हॉस' म्हणत, त्याने १८८४ साली नॅशनल लीग या अमेरिकेतल्या मोठ्या स्पर्धेतील प्रॉव्हिडन्स ग्रेज या संघासाठी ५९ सामने जिंकले. काही पुस्तकांत हा आकडा ६० असा छापलेला आढळतो. त्याने ७३ सामन्यांची सुरुवात केली आणि ते सगळेच्या सगळे शेवटच्या चेंडूपर्यंत स्वतःच टाकले. ६७८ पूर्णांक दोन तृतीयांश इनिंग्ज (सामन्यात अशा नऊ; समोरचे तीन बॅटर बाद झाले की पिचरची एक पूर्ण), ४४१ स्ट्राइकआउट (तीन चांगले चेंडू चुकल्याने किंवा सोडल्याने बाद झालेले बॅटर) आणि नऊ इनिंग्जमागे अवघी १.३८ धावांची सरासरी, असा तो हंगाम आहे.

ज्यांचा या खेळाशी परिचय नाही, त्यांच्यासाठी इतकेच सांगतो की पिचर हा बेसबॉलचा गोलंदाज असला, तरी तिथे षटकागणिक गोलंदाज बदलत नाही. जो सुरुवात करतो तोच समोर येणाऱ्या प्रत्येक बॅटरला टाकत राहतो. आज मोठ्या लीगमधील प्रमुख पिचरला एका सामन्यानंतर चार-पाच दिवसांची विश्रांती मिळते आणि तो वर्षाकाठी तीसेक सामन्यांची सुरुवात करतो.

हंगामाच्या आरंभी ग्रेजकडे दोन पिचर होते: अनुभवी रॅडबर्न आणि विशीतला चार्ली स्वीनी. ७ जून रोजी स्वीनीने बोस्टनचे १९ बॅटर स्ट्राइकआउट केले. नऊ इनिंग्जच्या सामन्यातला हा विक्रम १९८६ मध्ये रॉजर क्लेमेन्सने २० बळी घेईपर्यंत कोणालाही ओलांडता आला नाही. या पोराचा उदोउदो रॅडबर्नला सहन होईना. जुलैच्या मध्यावर बोस्टनविरुद्धच्या एका सामन्यात त्याने मुद्दाम वाईट टाकल्याचा ठपका ठेवून क्लबने त्याला निलंबित केले. आठवड्याच्या आत स्वीनी भर सामन्यातून चालता झाला. आता संघाकडे भरवशाचा एकही पिचर उरला नव्हता आणि क्लब मोडून टाकण्याची भाषा सुरू झाली. तेव्हा मॅनेजर फ्रँक बॅनक्रॉफ्ट याने रॅडबर्नशी बोलणी केली आणि तडजोड ठरली. उरलेला हंगाम रॅडबर्नने टाकायचा, त्याला वाढीव पैसे मिळतील आणि हंगाम संपताच क्लब त्याच्यावरचा हक्क सोडेल. २३ जुलै ते २४ सप्टेंबर या काळात संघ ४३ सामने खेळला. त्यांपैकी ४० सामन्यांत पिचर रॅडबर्न होता आणि त्यांपैकी ३६ त्याने जिंकले. संघ ८४ विजय आणि २८ पराभव अशा कामगिरीसह विजेता ठरला.

मला दोन गोष्टींवर सदस्यांचे मत हवे आहे. पिचिंगच्या इतिहासातला सर्वश्रेष्ठ हंगाम म्हणून याची गणना करावी का? आणि रॅडबर्नने हे केले ते कशासाठी: संघासाठी, पैशासाठी की सुटकेसाठी?

तिसरा पंच

उत्तम विषय. पहिल्या प्रश्नाचे माझे उत्तर नकारार्थी आहे आणि त्याची कारणे खेळाच्या नियमांत आहेत.

१८८४ मध्ये पिचरला चौकोनी आखणीच्या आत राहून टाकावे लागे आणि त्या चौकोनाची पुढची रेघ होम प्लेटपासून, म्हणजे बॅटरच्या जागेपासून, ५० फुटांवर होती. आजचे ६० फूट ६ इंचांचे अंतर १८९३ साली आले. त्या वर्षी नॅशनल लीगमध्ये सहा चेंडू बाहेर गेल्यावर बॅटरला फुकट बेस (धावण्याच्या मार्गावरचा पहिला तळ) मिळत असे, आज तो चार चेंडूंवर मिळतो. फाउल, म्हणजे फटक्यानंतर रेषेबाहेर गेलेला, चेंडू स्ट्राइक धरला जात नसे. आपल्याला उंच चेंडू हवा की खाली, हे बॅटर आधी सांगू शकत असे आणि पिचरला तसाच टाकावा लागे. हाताचे बंधनही १८८४ सालीच सुटले आणि नॅशनल लीगने खांद्याच्या वरून टाकण्यास पूर्ण मोकळीक दिली. क्रिकेटने हेच पाऊल १८६४ मध्ये उचलले होते, म्हणजे बरोबर वीस वर्षे आधी.

शिवाय इतके ओझे वाहणारा रॅडबर्न एकटा नव्हता. विल व्हाइटने १८७९ मध्ये ६८० इनिंग्ज टाकल्या, म्हणजे रॅडबर्नहून थोड्या अधिकच. मॅट किलरॉयने १८८६ मध्ये ५१३ स्ट्राइकआउट घेतले. १८८४ मध्येच बोस्टनच्या चार्ली बफिन्टनने ४८ सामने जिंकले. तो खेळ वेगळा होता, म्हणून आजच्या पिचरशी त्याची तुलना करू नये.

निळा डोंगर

पंच, आजच्याशी तुलना नको हे मान्य. परंतु त्याच्या काळातल्यांशी तुलना केली तरी तो वरच राहतो. व्हाइटने इनिंग्ज अधिक टाकल्या, पण त्या वर्षी त्याचे विजय ४३ होते. ५९ चा आकडा त्याच नियमांखाली, त्याच मैदानांवर, त्याच ५० फुटांवरून दुसऱ्या कोणालाही गाठता आला नाही.

ड्रॉपबॉल

मी जळगावला शाळा-कॉलेजात सॉफ्टबॉल खेळले आणि पिचर होते, म्हणून खांद्याविषयी दोन शब्द लिहिते.

सॉफ्टबॉलमधले खालून टाकणे सोपे असते आणि त्यात हाताला इजा होत नाही, असे पुष्कळांना वाटते. सलग दोन दिवस सामने झाले की तिसऱ्या दिवशी सकाळी वेणी घालताना माझा हात मानेच्या वर जात नसे आणि आई वेणी घालून देई. रॅडबर्नविषयी नेमकी हीच गोष्ट सांगतात की १८८४ च्या उत्तरार्धात त्याला केस विंचरण्यापुरताही हात उचलता येत नव्हता. हे पहिल्यांदा वाचले तेव्हा मला ते अजिबात अतिशयोक्त वाटले नाही.

त्याची तयारीची पद्धत मला फार शहाणपणाची वाटते. बॅनक्रॉफ्टने पुढे सांगितल्याप्रमाणे सामन्याच्या दिवशी रॅडबर्न इतरांच्या कितीतरी आधी मैदानात येई. सुरुवातीला तो जेमतेम काही फुटांवर चेंडू टाके आणि अंतर हळूहळू वाढवत नेई. मग दुसऱ्या बेसवरून आणि अखेर थेट सेंटरफील्डच्या अलीकडच्या भागातून तो चेंडू फेके. दुखरा खांदा असा टप्प्याटप्प्याने गरम होतो, हे आम्हाला आमच्या सरांनी शिकवले. त्याच्याजवळ ना फिजिओ होता ना बर्फाची पिशवी. त्याने ते स्वतःच्या अंगावरून शोधून काढले होते.

वेगापेक्षा अचूकपणा आणि वेगातला बदल यांवर त्याची भिस्त होती. ताकदीवर टाकणारा पिचर त्या दोन महिन्यांत मोडून पडला असता, असे मला वाटते.

उत्तररात्र

एक शंका. स्वीनी मैदान सोडून गेला तर त्याच्या जागी दुसरा खेळाडू का घेतला नाही? आणि एवढ्या मोठ्या क्लबकडे दोनच पिचर कसे?

तिसरा पंच

त्या काळी दुखापत किंवा आजारपण वगळता बदली खेळाडू घेता येत नसे. जे नऊ जण उतरले, त्यांच्यातच जागांची अदलाबदल करायची. म्हणून पिचर दमला की त्याला राइटफील्डला (मैदानाच्या मागच्या उजव्या भागात) पाठवत आणि तिथला खेळाडू पिचिंगला येई. २२ जुलैला फिलाडेल्फियाविरुद्ध ग्रेज ६-२ असे पुढे होते. बॅनक्रॉफ्टने स्वीनीला राइटफील्डला जाऊन तिथल्या सायक्लोन मिलरला टाकू देण्यास सांगितले. स्वीनी प्यायलेला होता. त्याने साफ नकार दिला आणि तो मैदानाबाहेर निघून गेला. उरलेल्या आठ जणांनी, आउटफील्डमध्ये (मैदानाच्या मागच्या भागात) दोघांनिशी, सामना पूर्ण केला आणि तो ग्रेजने १०-६ असा गमावला.

एका क्लबकडे दोनच पिचर असणे ही त्या काळी नेहमीचीच गोष्ट होती. १८७० च्या दशकात बहुतेक संघांचे एकाच पिचरवर भागत असे, कारण सामने आठवड्यातून दोन-तीनच होत. १८८४ पर्यंत सामन्यांची संख्या शंभरापलीकडे गेली, पण क्लबांची सवय आणि खर्चाची तयारी जुनीच राहिली. रॅडबर्न त्या फटीत सापडला.

अनुराधा_म

वरची चर्चा आवडली, परंतु सगळे जण खांद्याविषयी आणि अंतराविषयी बोलत आहेत. माझ्या मते या हंगामाचे मूळ करारात आहे.

१८७९ मध्ये नॅशनल लीगच्या मालकांनी आपसांत ठरवले की प्रत्येक क्लबने आपले पाच खेळाडू राखून ठेवावेत आणि त्यांना दुसऱ्या कोणत्याही क्लबने घेऊ नये. १८८३ पर्यंत ही संख्या अकरावर गेली, म्हणजे जवळजवळ सगळा संघ. करार एका वर्षाचा आणि बांधिलकी मात्र मालकाची मर्जी असेतोवर. खेळाडूला पगार पसंत नसेल तर त्याने घरी बसावे. रॅडबर्नने १८८३ मध्ये ६३२ इनिंग्ज टाकून ४८ सामने जिंकले होते, त्याच वर्षी २५ जुलैला क्लीव्हलँडविरुद्ध एकही हिट (बेस मिळवून देणारा फटका) न देता सामना जिंकला होता. तरीही दुसऱ्या क्लबकडे जाऊन अधिक पैसे मागण्याची त्याला सोय नव्हती.

अशा माणसाला निलंबित करायचे, मग गरज पडताच परत बोलवायचे, आणि 'तुझा हक्क तुला परत देतो, त्यासाठी दोन महिने रोज टाक' असे म्हणायचे, याला मी पिळवणूक म्हणेन. ज्या स्वातंत्र्यावर त्याचा मुळातच अधिकार होता, ते त्याला बक्षीस म्हणून देऊ करण्यात आले. आपण त्या ५९ विजयांकडे कौतुकाने पाहतो तेव्हा हे विसरता कामा नये.

घाटवाट

अनुराधाताई, मालकांच्या व्यवस्थेविषयी आपण लिहिलेले सर्व मान्य आहे, पण निष्कर्ष मान्य नाही.

जुलै १८८४ मध्ये परिस्थिती कोणाच्या बाजूने होती ते पाहा. त्याच वर्षी सेंट लुईसच्या हेन्री लुकासने युनियन असोसिएशन ही नवी लीग उभी केली होती आणि ती राखीव खेळाडूंचा नियम मुळीच मानत नव्हती. स्वीनी ग्रेजमधून निघाला तो थेट लुकासच्या संघात गेला. रॅडबर्नलाही तो रस्ता मोकळा होता आणि हे क्लबला पुरेपूर ठाऊक होते. तो गेला असता तर क्लब त्याच आठवड्यात बंद पडला असता. म्हणजे त्या टेबलावर लाचार होता तो मालक. रॅडबर्नने ही संधी ओळखली आणि आपली किंमत वसूल केली. एकदा वाढीव पैसे आणि सुटका या दोन्ही गोष्टी पदरात पडल्यावर त्याने दिलेला शब्द शेवटच्या सामन्यापर्यंत पाळला. त्याला केवळ पिळला गेलेला म्हणणे हा त्याच्या अकलेवर आणि जिद्दीवर अन्याय आहे.

अनुराधा_म

घाटवाट, युनियन असोसिएशनमध्ये जाणाऱ्यांना नॅशनल लीगने काळ्या यादीत टाकण्याची धमकी दिली होती आणि ती नवी लीग एका हंगामातच गुंडाळली गेली. तो रस्ता दिसायला मोकळा होता, चालायला नव्हता. तिशीच्या उंबरठ्यावरच्या पिचरला ती जोखीम परवडली नसती. मात्र त्याने घासाघीस करून अटी मिळवल्या, एवढे मी मान्य करते.

हिशोबनीस

५९ की ६०, याचा उलगडा करतो, कारण त्यात काही गूढ नाही.

२८ जुलै १८८४ रोजी फिलाडेल्फियाविरुद्ध पहिल्या पाच इनिंग्ज सायक्लोन मिलरने टाकल्या. सहाव्या इनिंगमध्ये ग्रेजने चार धावा करून आघाडी घेतली आणि त्यानंतरच्या चार इनिंग्ज रॅडबर्नने टाकल्या. सामना ग्रेजने जिंकला. आजच्या नियमानुसार पाच इनिंग्ज टाकलेल्या आणि आघाडी मिळाली तेव्हा नोंदीवर असलेल्या पिचरला, म्हणजे मिलरला, विजयाचे श्रेय जाते. त्या काळी असा नियमच नव्हता. उत्तम टाकणाऱ्या रॅडबर्नच्या नावावर तो विजय घालणाऱ्यांचा आकडा ६० होतो, आजचा नियम मागे लावणाऱ्यांचा ५९. खरे तर पिचरच्या नावे विजय मोजण्याची पद्धतच त्या वेळी रुळलेली नव्हती आणि १.३८ ही सरासरीसुद्धा जुनी धावपत्रके तपासून नंतर काढलेली आहे. त्याला स्वतःला आपण एवढा मोठा विक्रम करत आहोत याची कल्पना असण्याचे कारण नव्हते.

विसाव्या शतकापासूनचा उच्चांक जॅक चेस्ब्रोचा, १९०४ मधील ४१ विजयांचा. तीस विजयांचा टप्पा शेवटचा ओलांडला तो डेनी मॅक्लेनने १९६८ मध्ये. आणि एका हंगामात ३०० इनिंग्ज टाकणारा शेवटचा पिचर १९८० सालचा स्टीव्ह कार्लटन.

मक्याच्या देशात

धागा वाचून राहवले नाही. नोकरीच्या निमित्ताने आम्ही इलिनॉयमधील ब्लूमिंग्टनला राहतो आणि हेच रॅडबर्नचे गाव. त्याचा जन्म ११ डिसेंबर १८५४ रोजी न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टरला झाला, पण इंग्लंडहून आलेले त्याचे कुटुंब तो लहान असतानाच इथे येऊन स्थायिक झाले. वडील खाटीक होते आणि त्यानेही तरुणपणी तेच काम केले, पुढे काही काळ रेल्वेत ब्रेक्समन म्हणून नोकरी केली. १८७८ मध्ये शेजारच्या पिओरिया गावाच्या संघातून आणि १८७९ मध्ये आयोवातील डब्यूकच्या संघातून तो खेळला. १८८० मध्ये बफेलोकडून नॅशनल लीगमध्ये आला, तो पिचर म्हणून नव्हे. सहा सामन्यांत इतर जागी उभा राहिला आणि दुखऱ्या खांद्यामुळे त्याला नारळ मिळाला. म्हणजे ज्या खांद्याची आपण चर्चा करत आहोत, तो मोठ्या कारकिर्दीच्या आरंभीच एकदा दगा देऊन बसला होता. प्रॉव्हिडन्सने १८८१ मध्ये त्याला घेतले.

इथल्या एव्हरग्रीन दफनभूमीत त्याची कबर आहे. आमच्याकडे आलेल्या एका क्रिकेटवेड्या नातलगाला मी ती मुद्दाम दाखवायला नेली. कबरीचा दगड चांगला मोठा आहे आणि त्याच्या मागच्या बाजूला १९४१ मध्ये बसवलेल्या फलकावर त्याच्या कारकिर्दीची माहिती कोरलेली आहे. समोरून पाहणाऱ्याला हा बेसबॉलपटू होता याचा पत्ताही लागत नाही, मागे वळसा घालून जावे लागते.

निवृत्तीनंतर त्याने गावातच दारूचा गुत्ता आणि बिलियर्ड्सची खोली चालवली. १८९४ मध्ये शिकारीच्या वेळी बंदुकीची गोळी लागून त्याचा एक डोळा गेला. चेहरा विद्रूप झाल्यामुळे तो लोकांसमोर येणे टाळू लागला, आणि ५ फेब्रुवारी १८९७ रोजी, वयाच्या ४२ व्या वर्षी, वारला.

ड्रॉपबॉल

४२ हे काय जाण्याचे वय आहे! आणि १८८० मध्येच खांदा गेला होता हे मला ठाऊक नव्हते. आता ती लांबलचक तयारी अधिक कळली. ज्याचा खांदा एकदा गेलेला असतो, तोच त्याला इतके जपतो.

गोलंदाज काका

रॅडबर्न वाचताना मला सतत पुण्याचे पालवणकर बाळू आठवत होते. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यावर भारतीय संघाच्या गोलंदाजीचा भार त्या एका डावखुऱ्या फिरकी गोलंदाजाने वाहिला आणि शंभराहून अधिक बळी घेतले. दोघेही अंगमेहनतीच्या कामातून खेळाकडे आलेले, दोघांचेही बळ अचूकपणात, आणि दोघांच्याही संघांनी त्यांना गरजेपुरते जवळ केले. बाळूंना जातीमुळे कर्णधारपद नाकारले गेले, हा त्यातला अधिक कठोर भाग.

अनुराधा_म

काका, तुलना मनाला भिडली, पण एक भेद नोंदवते. बाळूंच्या वाट्याला आलेला अन्याय समाजाने घातलेला होता आणि कोणत्याही घासाघिशीने तो सुटणारा नव्हता. रॅडबर्नचे बंधन कागदावरचे होते आणि ते कागदावरच सोडवता आले. पालवणकर बाळूंवर आपण स्वतंत्र धागा काढावा, मी नक्की लिहीन.

वाटसरू_कोल्हापूर

या रॅडबर्नचे ते प्रसिद्ध छायाचित्र कोणी सांगितले कसे नाही? १८८६ मध्ये हंगामाच्या पहिल्या दिवशी बोस्टन आणि न्यूयॉर्क या दोन्ही संघांचे एकत्र छायाचित्र काढले गेले. मागच्या रांगेत डावीकडे उभा असलेला रॅडबर्न कॅमेऱ्याकडे पाहत मधले बोट उंचावून आहे. त्या हावभावाचे हे सर्वांत जुने छायाचित्र मानले जाते. माझी मुलगी ते पाहून पोट धरून हसली आणि तिने लगेच 'हे आजोबा कोण' असे विचारले. बेसबॉलमधले तिला माहीत असलेले पहिले नाव आता ओल्ड हॉस आहे!

घाटवाट

ते छायाचित्र माझ्याही म्हणण्याचा पुरावा मानावे. हा माणूस कोणापुढे मान तुकवणारा दिसत नाही.

मेघना

मला कॅचर, म्हणजे क्रिकेटच्या यष्टिरक्षकासारखा बॅटरमागे चेंडू झेलणारा, बार्नी गिलिगन याच्याविषयी लिहायचे आहे, कारण अशा कथांत कॅचरला कोणी विचारत नाही. त्या हंगामात ग्रेजच्या बहुतेक सामन्यांत कॅचर तोच होता. जाडजूड गादीचे हातमोजे तेव्हा आले नव्हते. कॅचर पातळ चामड्याचे, बोटे कापलेले मोजे घालत आणि इतर क्षेत्ररक्षकांपैकी बहुतेकांचे हात तर उघडेच असत. रॅडबर्नचा खांदा दुखत होता हे जग सांगते. त्याचे शेकडो चेंडू झेलणाऱ्या गिलिगनच्या तळहातांची अवस्था काय झाली असेल? जुलैमध्ये रॅडबर्न बिथरला तेव्हा त्याच्या रागाचा धनी हाच गिलिगन झाला होता. पुढचे दोन महिने दोघांनी एकमेकांना सांभाळून घेतले. ऑगस्टमध्ये बोस्टनविरुद्धची जी मालिका झाली, ती मला या हंगामाचा कळस वाटते. ९ तारखेला ११ इनिंग्ज खेळून १-०, ११ ला ३-१, १२ ला ४-०, १४ ला पुन्हा १-०. प्रतिस्पर्धी संघाला चार सामन्यांत मिळून एक धाव, आणि चारही सामने रॅडबर्नने टाकलेले. अव्वल स्थानाचा निकाल त्या आठवड्यातच लागला.

तिसरा पंच

मेघनाताई, या एका आठवड्यासाठी मी माझे पहिले मत थोडे सैल करतो. नियम कोणतेही असोत, दुसऱ्या क्रमांकाच्या संघाला सहा दिवसांत चार वेळा असे रोखणे, तेही समोर बफिन्टनसारखा पिचर असताना, ही कोणत्याही काळात अव्वल कामगिरी आहे.

उत्तररात्र

स्वीनीचे पुढे काय झाले?

तिसरा पंच

सेंट लुईसकडून त्याने त्याच वर्षी आणखी २४ सामने जिंकले, म्हणजे दोन्ही लीग मिळून ४१. पण तो हात फार काळ टिकला नाही आणि १८८७ नंतर तो मोठ्या लीगमधून कायमचा बाहेर गेला. १८९४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत एका गुत्त्यातील भांडणात त्याच्या हातून माणूस मेला. सदोष मनुष्यवधाबद्दल त्याला तुरुंगवास झाला आणि १९०२ मध्ये, चाळिशीही न गाठता, तो वारला.

हिशोबनीस

हंगामानंतरची मालिका राहून गेली. ऑक्टोबरमध्ये ग्रेजची गाठ अमेरिकन असोसिएशन या दुसऱ्या मोठ्या लीगच्या विजेत्या न्यूयॉर्क मेट्रोपॉलिटन्सशी पडली. २३, २४ आणि २५ तारखेला पोलो ग्राउंड्सवर सलग तीन सामने झाले. तिन्ही रॅडबर्नने टाकले आणि ६-०, ३-१, १२-२ असे जिंकले. दोन लीगच्या विजेत्यांमधली ही पहिली अधिकृत मालिका मानली जाते. कडाक्याच्या थंडीमुळे शेवटच्या सामन्याला प्रेक्षक अगदी मोजके होते आणि त्या सामन्यात पंच म्हणून चक्क मेट्रोपॉलिटन्सचाच पिचर टिम कीफ उभा राहिला.

आता मूळ प्रश्नाशी संबंधित आकडे देतो. १८८१ ते १८८४ या चार वर्षांत रॅडबर्नचे विजय अनुक्रमे २५, ३३, ४८ आणि ५९, म्हणजे १६५. पुढील सात वर्षांत २८, २७, २४, ७, २०, २७ आणि ११, म्हणजे १४४. एकूण ३०९. १८८४ ने त्याला कायमचे मोडले असे सरसकट म्हणता येत नाही, कारण १८९० मध्येही त्याने २७ सामने जिंकले. मात्र पहिल्या चार वर्षांतला रॅडबर्न पुन्हा कधी दिसला नाही, हेही तितकेच खरे.

निळा डोंगर

सर्वांचे मनापासून आभार. माझ्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळतो, कारण त्याच्या उत्तराचा एक तुकडा अजून कोणी मांडलेला नाही. ज्या सुटकेसाठी रॅडबर्नने तो हंगाम ओढला, ती हाती आल्यावर त्याने काय केले? हंगाम संपल्यावर त्याने प्रॉव्हिडन्सशीच पुन्हा करार केला. १८८५ च्या हंगामाअखेर तो क्लब बंद पडला आणि बोस्टनने रॅडबर्नला आपल्याकडे घेतले.

केवळ पैसा आणि सुटका हवी असती तर तो निघून गेला असता. माझ्या मते त्याला हवे होते ते आपल्या मर्जीने थांबण्याचे स्वातंत्र्य. कोणी बांधून ठेवले म्हणून खेळणे आणि आपण ठरवले म्हणून त्याच गावात, त्याच संघासाठी खेळणे, यांत त्याच्यासारख्या मानी माणसाच्या लेखी जमीन-अस्मानाचा फरक असणार.

घाटवाट

नेमके हेच म्हणायचे होते. धन्यवाद.

अनुराधा_म

निळा डोंगर, हा तुकडा महत्त्वाचा आहे, पण कथा तिथे थांबत नाही. ग्रेजमध्ये १८८२ पर्यंत रॅडबर्नच्या जोडीला जॉन माँटगोमेरी वॉर्ड हा पिचर होता. त्या दोघांचा एक सामना फार सुंदर आहे. १७ ऑगस्ट १८८२ रोजी डेट्रॉइटविरुद्ध वॉर्डने १८ इनिंग्ज टाकल्या आणि त्या दिवशी राइटफील्डला उभ्या असलेल्या रॅडबर्नने होम रन (एका फटक्यात सगळे बेस पार करून धाव) मारून सामना १-० असा संपवला. याच वॉर्डने पुढे कायद्याची पदवी मिळवली, १८८५ मध्ये खेळाडूंची संघटना उभारली आणि १८९० मध्ये मालकांना आव्हान देत खेळाडूंची स्वतःची लीग काढली. तिच्यात राखीव खेळाडूंचा नियम नव्हता.

हिशोबनीस यांनी दिलेले १८९० चे २७ विजय त्या लीगमधले आहेत. ३५ वर्षांचा रॅडबर्न नॅशनल लीगच्या बोस्टन क्लबमधून निघाला, खेळाडूंच्या लीगमधल्या बोस्टनच्याच संघात गेला आणि तो संघ विजेता ठरला. १८८४ मध्ये त्याने एकट्याची सुटका मिळवली होती. सहा वर्षांनी तो सगळ्यांच्या सुटकेच्या बाजूने उभा राहिला. ती लीग एकाच हंगामात बुडाली आणि तो नियम १९७५ च्या डिसेंबरमध्ये लवादाच्या निकालाने मोडेपर्यंत खेळाडूंच्या मानेवर राहिला, तरी रॅडबर्नचा सर्वांत मोठा हंगाम निवडायचा झाल्यास मी १८९० निवडेन.

तिसरा पंच

आणि मी त्या ऑगस्टच्या आठवड्यासाठी १८८४ च. वॉर्डच्या १८ इनिंग्जच्या सामन्याचे धावपत्रक कोणाकडे असल्यास कृपया इथे द्यावे.